आईबाप सक्षम ठरले, की मूल घरी आले पाहिजे

दिवाळी झाली की धाराशिव जिल्ह्यातल्या अनेक वस्त्यांमधली जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. मुले आजीजवळ राहतात. आजी आजारी पडते, मूल बसस्थानकावर एकटे सापडते, कोणीतरी १०९८ वर फोन करते. २४ तासांच्या आत मूल बालकल्याण समितीसमोर येते आणि समिती त्याला बालगृहात ठेवते. इथपर्यंत ठीक आहे. मुलाला आसरा हवाच.

अडचण पुढे येते. आईबाप परततात, पण ‘मूल सरकारने घेतले’ असे समजून गप्प बसतात. कागद वाचून दाखवणारे कोणी नसते. म्हणून आपल्या कार्यकर्त्यांना ही प्रक्रिया माहीत हवी.

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आहे आणि संस्था हा शेवटचा उपाय आहे. सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण व्हावी आणि मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत समितीने अंतिम आदेश द्यावा, असे कलम ३६ सांगते. आईबाप सांभाळ करण्यास योग्य आहेत अशी खात्री झाली, की कलम ३७ व ४० खाली समिती मूल त्यांच्या ताब्यात देऊ शकते. गरज वाटल्यास काही काळ देखरेख ठेवते.

सक्षम म्हणजे श्रीमंत नव्हे. पत्र्याचे घर हा दोष नाही. मूल कोणाजवळ राहील, शाळेत जाईल का, पुढच्या हंगामात काय सोय, याची उत्तरे आईबापांकडे हवीत. पैशाची अडचण असेल तर मिशन वात्सल्यमधून पात्र मुलाला दरमहा ४,००० रुपये प्रायोजकत्व मिळू शकते; अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करावा. मात्र घरात मारहाण किंवा अत्याचार असेल, तर आपला समाज म्हणून पाठीशी घालू नये. मुलाचे म्हणणे आधी ऐकावे.

आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. समितीच्या कामाबद्दलची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

राहुलला प्रव्रज्या दिल्यावर शुद्धोदनाने आपले दुःख तथागतांना सांगितले. तेव्हापासून आईबापांच्या परवानगीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम संघाला लागू झाला. संघाचा हेतू चांगलाच होता, तरी आईबापांना विचारणे गरजेचे ठरले. बालगृहाचा हेतूही चांगलाच असतो.

हंगाम संपून माणसे गावी आली, की विहारात एक बैठक घ्या. कोणाचे मूल बालगृहात आहे ते विचारा. आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला गोळा करा आणि आईबापांसोबत समितीसमोर जा. त्यांच्या शेजारी कोणी उभे असले, तर ते बोलतात.

जयभीम!