प्रसिद्ध व्यक्तींचे खासगी जीवन आणि पापाराझी छायाचित्रण
फेलिनी यांच्या १९६० च्या चित्रपटातील पापाराझो या पात्रावरून प्रसिद्ध व्यक्तींचा पाठलाग करणाऱ्या छायाचित्रकारांना 'पापाराझी' ही संज्ञा मिळाली. अशा पाठलागाची कायदेशीर मर्यादा मोनॅकोच्या राजकन्या कॅरोलिन यांच्या खटल्यात स्पष्ट झाली. खरेदी, घोडेस्वारी अशा प्रसंगांची त्यांची छायाचित्रे जर्मन नियतकालिकांनी छापली होती. एकांतस्थळाबाहेरील अशी छायाचित्रे सहन करावी लागतील, असे जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९९९ मध्ये ठरविले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००४ मध्ये हा निकष अपुरा मानला. छायाचित्र कोठे टिपले यापेक्षा ते सार्वजनिक हिताच्या चर्चेत भर घालते काय, हे निर्णायक ठरले. याच निकषानुसार २०१२ मध्ये, त्यांचे वडील राजे रेनिए यांच्या आजारपणाच्या वृत्तासोबतचे छायाचित्र मात्र वैध ठरले. सारांश, लोकांचे कुतूहल म्हणजे लोकहित नव्हे.