विमान हरवते तेव्हा

२४ जानेवारी १९६६ रोजी सकाळी एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाच्या विमानतळावर उतरायच्या बेतात होते. मुंबईहून दिल्ली आणि बैरुतमार्गे ते तिथवर आले होते. जिनिव्हाला ते पोचलेच नाही. आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखराजवळ, सुमारे ४,७५० मीटर उंचीवर ते आदळले आणि आतील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार डॉ. होमी भाभा होते.

या घटनेला अनेक दशके लोटली, तरी शाळेत भाभांचा धडा चालू असताना एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, त्यांचे विमान पाडले होते ना?" या प्रश्नाला रागावून गप्प बसवणे सोपे आहे. पण त्यामुळे शंका जात नाही, ती फक्त वर्गाबाहेर जाते. म्हणून ही शंका कुठून येते आणि तिची तपासणी कशी करावी, हे आपण पाहू या.

प्रथम शंकेची बाजू समजून घेऊ. भाभांनी जाहीरपणे सांगितले होते की, ठरवले तर भारत अठरा महिन्यांत अणुबाँब बनवू शकेल. ११ जानेवारी १९६६ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ताश्कंद येथे अचानक वारले. त्यानंतर तेराच दिवसांनी भाभा गेले. विमानाचे बरेचसे अवशेष हिमात गाडले गेले. घटना मोठी आणि हाती आलेला पुरावा थोडा, असे झाले की मधली जागा तर्काने भरली जाते. पुढे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यातील एका माजी अधिकाऱ्याच्या तोंडचा म्हणून एक संवादही प्रसिद्ध झाला. मात्र त्याला स्वतंत्र पुराव्याचा आधार नाही.

आता तपासाची बाजू. फ्रान्सच्या चौकशी आयोगाने १९६७ साली सर्वांत संभाव्य म्हणून जे कारण मांडले ते असे. विमानातील एक दिशादर्शक यंत्र नादुरुस्त होते आणि वैमानिकाला त्याची कल्पना होती. आपण माँ ब्लाँच्या बाजूने पुढे जात आहोत, असा त्याचा अंदाज होता. रडारवरील नियंत्रकाला ही चूक दिसली. माँ ब्लाँ अजून पाच मैल आहे, अशा अर्थाची सूचना त्याने दिली. पण शब्द पुरेसे नेमके नव्हते. वैमानिकाचा समज बदलला नाही आणि विमान खाली येत राहिले.

असा गोंधळ खरोखर होऊ शकतो का? मलकापूरहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या एसटीच्या चालकाला दाट धुक्यात कोणी म्हणाले, "आंबा घाट पाच किलोमीटर," तर घाट पुढे आहे की मागे राहिला? घाट ओलांडला असे ज्याने मनाशी धरले आहे, त्याला तो मागेच वाटेल. एसटीच्या चालकाला गाडी थांबवून विचारता येते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला पाच सागरी मैल, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटर, कापायला जेमतेम ४० सेकंद लागतात.

हे कारण खरे की घातपाताचे? विज्ञानात आपण अशा वेळी दोन्ही कल्पनांना एकच प्रश्न विचारतो : तू खरी असशील तर काय दिसायला हवे? विमान उंचावर हवेतच फुटले असेल, तर तुकडे मार्गावर दूरवर विखुरलेले असावेत आणि धातूवर स्फोटाच्या खुणा असाव्यात. ते अखंड स्थितीत डोंगरावर आदळले असेल, तर अवशेष मुख्यतः आदळल्या जागी आणि तिथून खाली वाहणाऱ्या हिमनदीत मिळावेत. बॉसाँ हिमनदी आजही ते अवशेष बाहेर टाकते आहे. २०१२ साली तिथे भारत सरकारच्या परराष्ट्र खात्याची टपालाची पिशवी सापडली. आता गुपिते उघड होणार, असे अनेकांना वाटले. निघाली ती भिजलेली वर्तमानपत्रे आणि तसलेच कागद.

म्हणजे शंका घेणारे मूर्ख असतात काय? मुळीच नाही. दुसरे उदाहरण पाहू.

८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले मलेशियाचे एमएच ३७० हे विमान २३९ जणांसह नाहीसे झाले. त्यांत पाच भारतीय होते. पहिला आठवडाभर मुख्य शोध दक्षिण चीन समुद्रात चालला. वास्तविक विमान उलट वळून पश्चिमेकडे गेल्याची नोंद मलेशियाच्या लष्करी रडारवर होती. वैमानिककक्षातून आलेले शेवटचे शब्द सरकारने आधी एक सांगितले, नंतर दुरुस्त करून दुसरे सांगितले. विमान हिंदी महासागराच्या दक्षिण भागात संपले, असे २४ मार्चला जाहीर झाले, पण हा निष्कर्ष ज्यावर उभा होता ती उपग्रहाची आकडेवारी २७ मे रोजी खुली झाली. तोवर प्रवाशांच्या नातेवाइकांना उत्तर मिळाले होते, रीत मिळाली नव्हती. गणितात नुसते उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण पूर्ण गुण देत नाही. मग सरकारला का द्यावेत?

ती रीत दहावीच्या विद्यार्थ्यालाही कळेल अशी आहे. विमान आणि उपग्रह यांच्यात साधारण तासातासाने आपोआप संकेतांची देवाणघेवाण होत होती. संकेताला जाऊन यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मिळते. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. म्हणजे एक मिलिसेकंद जास्त लागला, तर एका बाजूचे अंतर १५० किलोमीटरने वाढले. पृथ्वीच्या गोलावर उपग्रहापासून समान अंतरावरचे बिंदू जोडले की वर्तुळ होते. विमान त्या वर्तुळावर कुठेतरी होते. उत्तरेला की दक्षिणेला, हे संकेताच्या वारंवारतेतील सूक्ष्म फरकावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून ठरवले गेले. वर्गात पृथ्वीचा गोल, दोरा आणि खडू घेऊन ही वर्तुळे जरूर काढून पाहावीत. विद्यार्थ्यांच्या लगेच लक्षात येईल की उत्तर एक बिंदू नसून एक लांबलचक चाप आहे.

आकडे खुले झाल्यावर सरकारशी संबंध नसलेल्या तज्ज्ञांनी ती गणिते स्वतः करून पाहिली. जुलै २०१५ मध्ये रीयुनियन बेटावर विमानाच्या पंखाचा तुकडा मिळाला, तोही या निष्कर्षाशी जुळणारा होता. तरी १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ धुंडाळूनही विमान सापडले नाही आणि जानेवारी २०१७ मध्ये तो शोध थांबवण्यात आला. विमान का वळले, हे २०१८ च्या अहवालालाही ठरवता आले नाही.

सरकारची अडचणही खरी असते. लष्करी रडार किती दूरवर पाहू शकते, हे कोणताही देश सहजासहजी सांगत नाही. घाईने दिलेली माहिती चुकते आणि तिचा घाव शोकाकुल घरांवर बसतो. यासाठीच आंतरराष्ट्रीय नियम आहेत. प्राथमिक अहवाल ३० दिवसांत द्यावा आणि अंतिम अहवाल शक्यतो वर्षभरात जाहीर करावा. तपासाचा हेतू दोषी ठरवणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा असावा. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद येथील अपघाताचा प्राथमिक अहवाल आपल्या तपास विभागाने एका महिन्यात दिला. पण त्यात वैमानिकांमधील संभाषण शब्दशः न देता केवळ त्याचा आशय दिला होता. तेवढ्यावरून लोकांनी लगेच, चौकशी पुरी होण्याआधीच, मृत वैमानिकांवर निवाडे दिले. अर्धी माहिती कधीकधी मौनाइतकीच घातक ठरते, ती अशी.

म्हणून कोणतेही अधिकृत निवेदन वाचताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवू या. यातले मोजलेले काय आणि अंदाज काय? मूळ नोंदी दुसऱ्या कोणाला तपासता येतात का? "हे आम्हाला अजून माहीत नाही" असे निवेदनात कुठे स्पष्ट म्हटले आहे का? आणि हेच तीन प्रश्न घातपाताच्या कथांनाही विचारू या. संशय घेणाऱ्याला पुराव्यातून सूट नाही आणि सत्तेवर असणाऱ्यालाही नाही. नातेवाईक वर्षानुवर्षे विमानतळांच्या आणि कचेऱ्यांच्या दारांत उभे राहतात, ते बहुधा चमत्काराची आशा धरून नव्हे. आपले माणूस कुठे आणि कसे गेले, हे कळण्याचा त्यांचा हक्क आहे.