ताकाता एअरबॅग प्रकरण

ताकाता एअरबॅग प्रकरण म्हणजे ताकाता या जपानी कंपनीने बनवलेल्या एअरबॅगमधील सदोष इन्फ्लेटरमुळे जगभरातील कोट्यवधी वाहने दुरुस्तीसाठी परत मागवावी लागण्याची घटनामालिका होय. इ.स. २००८ मध्ये अगदी लहान प्रमाणावर सुरू झालेली ही मोहीम वाहन उद्योगाच्या इतिहासातील सर्वांत मोठी मानली जाते. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग तिच्या कक्षेत आल्या. जगभरातील आकडा १० कोटींच्या आसपास जातो. अमेरिकेत २५हून अधिक व्यक्तींचा या दोषामुळे मृत्यू झाला आणि किमान ४०० जण जखमी झाले. मलेशिया आणि ऑस्ट्रेलियातही मृत्यूंची नोंद झाली.

वाहनातील बहुतेक उत्पादनदोष नव्या गाडीत लवकरच उघड होतात. ताकाताच्या इन्फ्लेटरमधील दोष मात्र वर्षे उलटतील तसा वाढत जातो. गाडी जुनी झाली की ती एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते, अधिकृत सेवा केंद्राशी तिचा संबंध तुटतो आणि कंपनीचे पत्र जुन्याच पत्त्यावर जात राहते. धोका सर्वाधिक असतो तेव्हाच मालक सापडणे सर्वांत कठीण होते. ही मोहीम इतकी लांबण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

एअरबॅग आणि इन्फ्लेटर

एअरबॅग ही नायलॉनची घडी केलेली पिशवी असून चालकासमोरची पिशवी स्टिअरिंगच्या मध्यभागी, तर शेजारच्या प्रवाशासमोरची डॅशबोर्डमध्ये बसवलेली असते. टक्कर झाल्याचे संवेदकाला जाणवताच विद्युत संकेत इन्फ्लेटरकडे जातो. इन्फ्लेटर म्हणजे धातूची छोटी डबी. तिच्यातील ठिणगीने रासायनिक इंधनाच्या वड्या पेटतात, त्यातून वायू निर्माण होतो, तो गाळणीतून बाहेर पडतो आणि पापणी लवते न लवते तोच, म्हणजे सुमारे ३० ते ५० मिलिसेकंदांत, पिशवी फुगते. येथे अपेक्षित असते ते नियंत्रित ज्वलन. वड्या ठरलेल्या वेगाने जळाल्या तर प्रवासी वाचतो. त्या अतिवेगाने जळाल्या तर डबीतील दाब तिच्या भिंतींना पेलवत नाही, डबी फुटते आणि तिचे धारदार तुकडे पिशवी फाडून थेट चालकाच्या मानेकडे व चेहऱ्याकडे येतात.

काही घटनांत मृताच्या मानेवरील जखमा पाहून तपास अधिकाऱ्यांना प्रथम चाकूहल्ल्याचा संशय आला. इ.स. २०१४ मध्ये फ्लोरिडातील ऑरलँडो येथे झालेल्या एका मृत्यूचा तपास आरंभी खून समजूनच करण्यात आला. काही दिवसांनी मृत महिलेच्या घरी वाहन कंपनीचे पत्र पोहोचले. एअरबॅग बदलून घेण्यासाठी गाडी आणावी, अशी सूचना त्यात होती.

अमोनियम नायट्रेटची निवड

ताकाताची स्थापना इ.स. १९३३ मध्ये जपानमधील शिगा प्रांतात वस्त्रोद्योग म्हणून झाली. पुढे ही कंपनी आसनपट्टे आणि त्यानंतर एअरबॅग बनवू लागली. सुरुवातीच्या काळातील एअरबॅगमध्ये सोडियम ॲझाइड वापरले जाई. ते विषारी असल्याने उत्पादक पर्यायांच्या शोधात होते. ताकाताने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात टेट्राझोल या संयुगावर आधारित इंधन आणले आणि इ.स. २००० च्या सुमारास ती अमोनियम नायट्रेटकडे वळली.

शेतीत खत म्हणून आणि खाणींत स्फोटकांसाठी वापरले जाणारे अमोनियम नायट्रेट स्वस्त आहे. ते जळल्यावर जवळजवळ पूर्णपणे वायूत रूपांतरित होते, राख फारशी उरत नाही; त्यामुळे इन्फ्लेटर लहान व हलका करता येतो. त्याचे अवगुणही रसायनतज्ज्ञांना पूर्वीपासून ज्ञात होते. ते हवेतील ओलावा शोषते. शिवाय सुमारे ३२ अंश सेल्सिअस तापमानाला त्याच्या स्फटिकांची रचना बदलते आणि आकारमानही बदलते. हा बदल रोखण्यासाठी ताकाताने त्यात स्थिरीकारक द्रव्य मिसळले; परंतु बहुतांश इन्फ्लेटरमध्ये ओलावा टिपून घेणारे शोषक द्रव्य घातले नाही.

दमट हवेच्या प्रदेशात इन्फ्लेटरच्या जोडांतून हळूहळू ओलावा आत शिरतो. दिवसा उन्हात उभी असलेली गाडी तापते, रात्री थंड होते. हे चक्र वर्षानुवर्षे चालू राहिल्याने इंधनाच्या वड्या सच्छिद्र होतात आणि जळण्यास उपलब्ध असलेला त्यांचा पृष्ठभाग वाढतो. अशा वड्या ठरलेल्यापेक्षा कितीतरी जलद जळतात. फ्लोरिडा, मेक्सिकोच्या आखाताचा किनारा, हवाई आणि पोर्तो रिको या उष्ण व दमट भागांना अमेरिकेत सर्वाधिक धोक्याचे क्षेत्र ठरवण्यात आले, ते याच कारणामुळे.

पहिल्या घटना आणि अपुरी कारणमीमांसा

इ.स. २००४ मध्ये अलाबामा राज्यात एका होंडा अकॉर्डमधील इन्फ्लेटर फुटला. होंडा आणि ताकाता या दोन्ही कंपन्यांनी ही अपवादात्मक घटना मानली आणि गाड्या परत मागवल्या नाहीत. नोव्हेंबर २००८ मध्ये होंडाने प्रथमच सुमारे ४ हजार गाड्या परत मागवल्या. मे २००९ मध्ये ओक्लाहोमा राज्यात वाहनतळावरील किरकोळ टकरीत १८ वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला. तिची गाडी त्या ४ हजारांच्या यादीत नव्हती.

ताकाताचे स्पष्टीकरण या काळात बदलत राहिले. कधी मेक्सिकोतील मोंक्लोव्हा येथील कारखान्यात वड्यांना ओलावा लागल्याचे, तर कधी वॉशिंग्टन राज्यातील मोझेस लेक येथील कारखान्यात वड्या पुरेशा दाबाने घडवल्या न गेल्याचे कारण पुढे करण्यात आले. दोष ठरावीक दिवसांच्या उत्पादनापुरता मर्यादित आहे, हे या सर्व स्पष्टीकरणांमागील समान गृहीतक होते. त्यामुळे प्रत्येक वेळी ठरावीक तुकडीच परत मागवली गेली, नंतर त्या तुकडीबाहेरचा इन्फ्लेटर फुटला आणि यादी पुन्हा वाढवावी लागली. मूळ दोष कारखान्यातील हलगर्जीपुरता मर्यादित नसून इंधनाच्या निवडीत आणि इन्फ्लेटरच्या रचनेत आहे, हे उशिराने मान्य झाले. दहा वाहन कंपन्यांच्या गटाने नेमलेल्या ऑर्बिटल एटीके या संस्थेने फेब्रुवारी २०१६ मध्ये तीन कारणे एकत्रितपणे जबाबदार धरली: शोषक द्रव्याविना वापरलेले अमोनियम नायट्रेट, ओलावा रोखण्यास अपुरी ठरणारी जोडणी, आणि उष्ण व दमट हवामानाशी दीर्घकाळ आलेला संपर्क.

व्याप्ती

एप्रिल २०१३ मध्ये होंडा, टोयोटा, निसान आणि माझदा यांनी मिळून ३० लाखांहून अधिक गाड्या परत मागवल्या. मे २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या दबावाखाली ताकाताने सुमारे ३ कोटी ३८ लाख वाहनांतील इन्फ्लेटर सदोष असल्याचे मान्य केले. वर्षभराने आणखी साडेतीन ते चार कोटी इन्फ्लेटरची भर पडली. अखेरीस फोर्ड, बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स यांच्यासह १९ वाहन उत्पादक या प्रकरणात गुंतले.

इतके सुटे भाग तातडीने बनवणे कोणालाही शक्य नव्हते. ऑटोलिव्ह, डायसेल या प्रतिस्पर्धी कंपन्यांकडून इन्फ्लेटर घ्यावे लागले. काही गाड्यांत तर जुन्या इन्फ्लेटरच्या जागी ताकाताचाच, अमोनियम नायट्रेट असलेला नवा इन्फ्लेटर बसवण्यात आला. त्या गाड्या पुढे दुसऱ्यांदा परत मागवाव्या लागल्या. सुटा भाग नसल्यास प्रवाशाकडील एअरबॅग निकामी करून त्या आसनावर कोणी बसू नये अशी सूचना लावण्याचा मार्गही टोयोटाने अमेरिकेत अवलंबला.

इ.स. २००१ ते २००३ मधील होंडा व ॲक्युरा गाड्यांतील ‘अल्फा’ नावाने ओळखले जाणारे इन्फ्लेटर सर्वांत घातक ठरले. टकरीत ते फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत असल्याचे जून २०१६ मध्ये जाहीर करण्यात आले. या गाड्यांच्या मालकांना शोधण्यासाठी होंडाने घरोघर माणसे पाठवली.

ऑस्ट्रेलियाने निराळा मार्ग धरला. जुलै २०१७ मध्ये सिडनीत एका चालकाचा मृत्यू झाल्यानंतर, फेब्रुवारी २०१८ मध्ये सरकारने गाड्या परत मागवणे कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक केले आणि ३१ डिसेंबर २०२० ही मुदत घातली. दुरुस्ती टाळणाऱ्या मालकांच्या गाड्यांची नोंदणी रोखण्याचे पाऊलही तेथील राज्यांनी उचलले. सुमारे ३० लाख वाहनांपैकी जवळपास सर्वांचा हिशेब मुदतीत लागला. केवळ पत्रे पाठवून इतके यश इतरत्र क्वचितच मिळाले.

खटला आणि दिवाळखोरी

इन्फ्लेटरच्या चाचण्यांचे निष्कर्ष बदलून ते वाहन कंपन्यांना दिल्याचा आरोप ताकातावर अमेरिकेत ठेवण्यात आला. इ.स. २०१७ च्या आरंभी कंपनीने फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि एकूण १ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांपैकी २ कोटी ५० लाख डॉलर दंड, १२ कोटी ५० लाख डॉलर पीडितांसाठी आणि ८५ कोटी डॉलर वाहन कंपन्यांसाठी होते. सर्वांत मोठा वाटा जखमींना किंवा मृतांच्या कुटुंबीयांना नव्हे, तर वाहन उत्पादकांना मिळाला.

जून २०१७ मध्ये ताकाताने जपान व अमेरिकेत दिवाळखोरीसाठी अर्ज केला. एप्रिल २०१८ मध्ये तिचा बहुतांश व्यवसाय चीनच्या जॉयसन समूहाच्या मालकीच्या की सेफ्टी सिस्टिम्स या कंपनीने विकत घेतला.

भारत

भारतात होंडाने जुलै २०१६ मध्ये सुमारे १ लाख ९० हजार आणि जानेवारी २०१७ मध्ये सुमारे ४१ हजार गाड्या या दोषासाठी परत मागवल्या. टोयोटाने जानेवारी २०१७ मध्ये सुमारे २३ हजार कोरोला अल्टिस परत मागवल्या. त्या वेळी देशात यासाठी बंधनकारक कायदा नव्हता. वाहन उत्पादकांच्या संघटनेने जुलै २०१२ मध्ये लागू केलेली ऐच्छिक संहिताच अस्तित्वात होती.

मोटार वाहन कायद्यातील इ.स. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ समाविष्ट करण्यात आले. सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्यामुळे केंद्र सरकारला मिळाला. त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. हे नियम उत्पादनापासून सात वर्षांपर्यंतच्या वाहनांनाच लागू होतात. बऱ्याच वर्षांच्या दमटपणानंतर उद्भवणारा ताकातासारखा दोष या मर्यादेच्या पलीकडे जाऊ शकतो आणि अशा जुन्या गाड्यांबाबत सारा भार उत्पादकाच्या स्वेच्छेवर राहतो. कोकण, गोवा आणि केरळच्या किनारपट्टीसारख्या दमट प्रदेशांच्या दृष्टीने ही त्रुटी विशेष महत्त्वाची आहे.

आपली गाडी परत मागवलेल्या यादीत आहे का, हे नोंदणी प्रमाणपत्रावरील, म्हणजेच आरसीवरील, चॅसिस क्रमांकावरून संबंधित उत्पादकाच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सेवा केंद्रात तपासता येते. यादीतील गाडीचा इन्फ्लेटर विनामूल्य बदलून दिला जातो आणि गाडी मूळ मालकाकडे असणे त्यासाठी आवश्यक नसते.