दगड, काँक्रीट, लोखंड : फोर्टमधला एक रविवार

मुंबईत दोन वर्षं काढलेल्या कुठल्याही हॉस्टेलवासीयाला विचारा, "फोर्टमध्ये काय पाहिलंस?" उत्तर ठरलेलं : गेटवे, फॅशन स्ट्रीट आणि वडापाव! आपण सीएसएमटीला उतरतो आणि मान खाली घालून जे चालत सुटतो ते थेट मरीन ड्राइव्हला थांबतो. पण मित्रांनो, जरा मान वर केली ना, तर स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सचा अर्धा सिलॅबस तिथे फुकटात उभा आहे. भार पेलण्याच्या तीन पद्धती, आणि चालायचं जेमतेम तीन किलोमीटर!

आधी नावाची गोष्ट. इथे खरोखरच किल्ला होता. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात, १८६० च्या दशकात, त्याची तटबंदी पाडली आणि मोकळ्या जागेत नवं शहर उभं राहू लागलं. तट गेला, नाव उरलं. चर्चगेट हेही त्याच तटाच्या एका दरवाजाचं नाव, बरं का!

सुरुवात सीएसएमटीपासून करू. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला जा आणि मग मागे वळून स्टेशन बघा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. दगड दाब मस्त सोसतो, ताण मात्र सोसत नाही. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'टेन्शन'ला इंजिनिअरिंगमध्येही 'ताण'च म्हणतात, हे मला या लेखाच्या निमित्तानेच कळलं!) म्हणून इथे जिकडेतिकडे कमानी. कमान वरचं वजन दोन्ही बाजूंना ढकलते, आणि त्या ढकलण्याला तोंड द्यायला जाडजूड भिंती. मधला अष्टकोनी घुमट तर सेंटरिंग न लावता बांधलेला आहे. आपल्या साइटवर स्लॅबखाली टेकूंचं जंगल असतं ते आठवा, म्हणजे यातली हिंमत कळेल. २००४ पासून हे स्टेशन युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ सालची.

तिथून डी. एन. रोडने निघा. दुतर्फा इमारतींच्या कमानींखालूनच फुटपाथ जातो, त्यामुळे पावसातही फारसं भिजायला होत नाही. दहा-पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक. इथलं फ्लोरा फाउंटन १८६४ सालचं. फोटो जरूर काढा, पण शेजारच्या हुतात्मा स्मारकापाशीही दोन मिनिटं थांबा. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर इथेच गोळीबार झाला होता. १ मे म्हणजे नुसती सुट्टी नाही, हे या चौकात पटतं. २०२५ पासून याच चौकाच्या पोटातून मेट्रो ३ धावते!

पुढे ओव्हल मैदान. इथे क्रिकेट चालू असतंच. मधोमध उभे राहा. पूर्वेला राजाबाई टॉवर, २८० फूट उंच, आणि हायकोर्ट. दोन्ही १८७८ मध्ये पूर्ण झाले, दोन्ही दगडी. आता पश्चिमेला वळा. तिकडे १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती : गोलसर कोपरे, लांब छज्जे, खांबाशिवाय पुढे आलेल्या बाल्कन्या. ही आरसीसीची करामत! काँक्रीटने दाब घ्यायचा, आतल्या सळ्यांनी ताण. मध्ये फक्त एक मैदान, पण तेवढ्यात साठ वर्षं ओलांडली जातात. २०१८ मध्ये या दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा ठरल्या.

लोखंड मुद्दाम शेवटी ठेवलंय. ओव्हलवरून काळा घोड्याकडे या. तिथे एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन्स हॉटेल आहे. १८६० च्या दशकातली ही इमारत. तिचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, जहाजाने मुंबईत आणला आणि इथे जोडला. भार घेतात खांब आणि तुळया. भिंती नुसत्या भरलेल्या. आपण ज्याला प्रीफॅब म्हणतो ना, त्याचे हे पणजोबा! ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले तेही इथेच.

पण आज तिची अवस्था बघवत नाही. २००५ मध्ये एक भाग कोसळला, २०१९ मध्ये राहणाऱ्यांना बाहेर काढून इमारत रिकामी केली. पाडावी की दुरुस्त करावी, हा वाद कोर्टात गेला आणि दोन्ही बाजूंनी बोलणारे होते इंजिनिअरच. उद्या असा रिपोर्ट आपल्यापैकीच कोणाच्या तरी टेबलावर येणार आहे. गंजलेला खांब किती भार घेईल याचं उत्तर गणितात मिळेल, पण तो वाचवायची खटपट करायची की नाही, हे गणित सांगत नाही. त्यासाठी ती इमारत एकदा तरी नीट पाहिलेली असायला हवी.

तेव्हा येत्या रविवारी मेगाब्लॉक बघून सकाळी लवकर निघा. ऑफिसं बंद असल्यामुळे रस्ते मोकळे असतात. भूक लागली की एखाद्या इराण्याकडे बन-मस्का आणि चहा, नंतर जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रं. तिकीट नाही! वॉटसन्सला मात्र आधी जा. चित्रं पुढच्या रविवारीही असतील. वॉटसन्सचं काही सांगता येत नाही.