नॉबवरचा आकडा आणि डब्यातले अंश

फ्रिजच्या मुख्य कप्प्याचे तापमान ३ ते ४ अंश सेल्सिअस आणि फ्रीझरचे उणे १८ अंश असावे. विषयाचे सार एवढ्या दोन आकड्यांत मावते. अवघड भाग त्यापुढचा आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये, चालू ऋतूत, हे आकडे खरोखर गाठले जातात का, हे पाहण्याची सवय फारच थोड्या घरांत असते. फ्रिज घरी येतो त्या दिवशी नॉब कुठेतरी मध्यावर लावला जातो आणि पुढची कित्येक वर्षे तो तिथेच राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार शिजवलेले आणि नाशवंत अन्न ५ अंशांखाली किंवा ६० अंशांवर ठेवावे. या दोहोंमधला पट्टा जंतूंना मानवतो. उन्हाळ्यात ओट्यावर ३५ अंश असतात, तेव्हा काही जंतूंची संख्या अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होते. ५ अंशांखाली बहुतेक रोगकारक जंतूंची वाढ थांबते किंवा फार मंदावते, पण ते मरत नाहीत. लिस्टेरिया नावाचा जंतू तर शून्य अंशाच्या आसपासही सावकाश वाढतो आणि गर्भवती स्त्रियांना त्याचा विशेष धोका असतो. त्यामुळे बरोबर ५ अंशांवर थांबण्यापेक्षा ३-४ अंश धरणे शहाणपणाचे. त्याहून फार खाली गेले, तर पालेभाजीतले पाणी गोठते, पेशी फुटतात आणि बाहेर काढल्यावर कोथिंबिरीची जुडी काळपट, लिबलिबीत होते.

आता नॉबकडे वळू. त्यावरचे १ ते ५ किंवा १ ते ७ हे आकडे अंश दाखवत नाहीत. कॉम्प्रेसरने किती थंडाव्यापर्यंत चालत राहायचे याची ती पायरी असते आणि बहुतेक फ्रिजांत आकडा वाढला की थंडी वाढते. एसीच्या रिमोटची सवय झालेल्या घरात इथेच घोटाळा होतो. तिथे आकडा कमी केला की गारवा वाढतो. त्याच हिशेबाने कुणी ऐन मे महिन्यात फ्रिजचा नॉब १ वर आणून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी दूध का नासले, याचा शोध सुरू होतो.

खरे तापमान कळण्यासाठी फ्रिजचा साधा थर्मामीटर लागतो. ताप मोजायचा थर्मामीटर शरीराच्या तापमानाभोवतीच मोजतो, तो इथे निरुपयोगी. मोजण्याची रीत सोपी आहे. पेलाभर पाणी मधल्या कप्प्यावर ठेवावे, त्यात थर्मामीटर बुडवावा आणि रात्रभर तसाच राहू द्यावा. सकाळी दूध काढण्यासाठी दार उघडताच, पेला न हलवता आकडा वाचावा. पाणी हवेच, कारण फ्रिजमधली हवा दार उघडताच तापते आणि कॉम्प्रेसर सुरू झाला की पुन्हा गार होते. आमटी, दही, उसळ यांचे तापमान इतक्या चटकन बदलत नाही. पेल्यातले पाणी त्यांच्यासारखेच वागते. आकडा ७ निघाला, तर नॉब एकच पायरी वाढवावा आणि पूर्ण दिवस जाऊ द्यावा. तासाभरात पुन्हा वाचून पुन्हा नॉब फिरवला, तर हाती काहीच लागत नाही, कारण आतल्या भांड्यांना नव्या तापमानाला यायला वेळ लागतो.

मग तोच पेला दारात आणि चिलर ट्रेच्या खाली एकेक रात्र ठेवून पाहावा. दारातला भाग सगळ्यांत उबदार आणि फ्रीझरलगतचा भाग सगळ्यांत थंड, हे तेव्हा उघड होते. दुधाची पिशवी दारात उभी करण्याची पद्धत घरोघरी आहे, पण दुधाची जागा आतल्या थंड कप्प्यात. दारात लोणचे, सॉस, पाण्याच्या बाटल्या शोभतात.

एकदा जमलेला आकडा वर्षभर टिकत नाही. एकदारी, बर्फ साचणाऱ्या फ्रिजांत थर्मोस्टॅटची नळी सहसा फ्रीझरच्या थंड पत्र्याला टेकलेली असते. म्हणजे यंत्र पत्र्याचा थंडावा मोजते, खालच्या भाजीचा नाही. उन्हाळ्यात भिंतींतून आणि दारातून उष्णता सतत आत शिरते, त्यामुळे पत्रा तेवढाच थंड असूनही खालचा कप्पा उबदार राहतो. हिवाळ्यात ही उष्णता कमी होते आणि खालचा कप्पा पत्र्याच्या तापमानाकडे सरकतो. मे महिन्यात ५ वर नेलेला नॉब डिसेंबरात तसाच राहिला, तर मागे सरकवलेली काकडी गोठते ती यामुळे. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि थंडीत रात्री १० अंशांपर्यंत उतरतो, म्हणून तिथे वर्षातून दोनदा तरी नॉब हलवावाच लागतो. उष्ण प्रदेशासाठीच्या ‘टी’ वर्गातल्या फ्रिजची रचनाही ४३ अंशांपर्यंतच्या परिसरासाठी असते. त्यापुढच्या दुपारी फ्रिजला मागे-बाजूला मोकळी हवा देणे आणि गॅसच्या शेगडीपासून तो दूर ठेवणे, एवढेच माणसाच्या हातात उरते.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजात पंखा गार हवा फिरवतो, त्यामुळे वर-खाली फरक कमी असतो. मात्र अनेक मॉडेलांत फ्रीझरचा दट्ट्या निव्वळ हवेची वाटणी करतो. बर्फ लवकर व्हावा म्हणून तो टोकाला नेला की खालच्या वाट्याची गार हवा घटते. मागच्या भिंतीवरच्या झडपांसमोर पातेले लावले तरी तोच परिणाम. फ्रिज ठासून भरू नये, असे सांगतात ते याचसाठी.

दाराचे रबर सैल असेल तर वरची सगळी खटपट वाया जाते. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढावी. ती सहज निसटली, तर रबर पुसून पाहावे, नाहीतर बदलावे.

काय कुठे ठेवायचे, यात मासळीचा विचार सर्वांत आधी करायला हवा. मासळी ० अंशाला, म्हणजे वितळत्या बर्फात, जितकी टिकते त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळ ५ अंशांना टिकते. चांगल्या चालणाऱ्या फ्रिजमध्येसुद्धा ती बर्फाच्या थाळ्यात, चिलर ट्रेमध्ये ठेवावी आणि शक्यतो त्याच दिवशी करावी. बांगडा आणि तारली यांच्याबाबत जास्तच काळजी हवी. हे मासे उबदार राहिले तर त्यांत हिस्टामीन तयार होते आणि कितीही तळले तरी ते नाहीसे होत नाही. कच्चे मटण, चिकन नेहमी बंद डब्यात आणि सर्वांत खालच्या कप्प्यात, म्हणजे त्याचे पाणी दह्यावर ठिबकत नाही.

दुसरा मुद्दा भाताचा. उद्या फोडणीचा भात करायचा म्हणून रात्रीचा भात पातेल्यात ओट्यावर झाकून ठेवण्याची जुनी रीत आहे. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, कोमट भातात उगवतात आणि विष तयार करतात. सकाळी कितीही परतले तरी ते विष टिकते. उरलेला भात परातीत पसरून वाफ जाऊ द्यावी आणि दोन तासांच्या आत उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा. हवा ३२ अंशांहून गरम असेल तर मुदत एकाच तासाची. खोल पातेल्यातली डाळ मधोमध फार वेळ गरम राहते. म्हणून तिचे दोन-तीन लहान डबे करावेत किंवा पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवावे.

काही जिन्नसांना मात्र ४ अंश सोसत नाहीत. केळी १३ अंशांखाली काळी पडतात. अढीतला कच्चा आंबा फ्रिजमध्ये गेला तर नीट पिकत नाही, पिकल्यावर ठेवायला हरकत नाही. बटाट्यातला स्टार्च थंडीत साखरेत बदलतो, मग काचऱ्या करताना त्या लवकर काळ्या पडतात. टोमॅटोची चव उतरते. कांदा-लसणाला कोरडी, हवेशीर टोपली बरी. भेंडी, वांगी, काकडी भाजीच्या ट्रेमध्ये आणि तीही दोन-तीन दिवसांपुरतीच. पालेभाजी निवडून, कोरडी करून सुती कापडात गुंडाळली तर चांगली टिकते.

भारनियमनाच्या दिवसांत दार न उघडणे हाच उपाय. बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो, भरलेला फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. वीज आल्यावर दार उघडून आधी पेल्यातला आकडा वाचावा. तो ५ च्या वर गेला असेल आणि वीज चार तासांहून जास्त वेळ गेलेली असेल, तर दूध, मासळी, मटण आणि शिजवलेले अन्न टाकून द्यावे. वास घेऊन ठरवू नये, कारण आजारी पाडणाऱ्या बहुतेक जंतूंमुळे अन्नाला ना वास येतो, ना त्याचा रंग बदलतो.