टोकियोतले जुने घर घेताना

‘मॅन्शन’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ऐसपैस हवेली उभी राहते. जपानीत मात्र काँक्रीटच्या बहुमजली इमारतीतल्या साध्या फ्लॅटलाही ‘मान्शोन’ म्हणतात. टोकियोत बरीच वर्षे भाड्याने राहिल्यावर आम्ही नवराबायकोने असे एक जुने मान्शोन घ्यायचे ठरवले. घर म्हणजे ऊन, खोल्या आणि स्टेशनचे अंतर, एवढीच तेव्हा माझी समजूत होती.

पहिले घर पाहताक्षणी आवडले. दक्षिणेला बाल्कनी, स्टेशन सात मिनिटांवर, किंमत आवाक्यातली. इमारत 1982 साली पूर्ण झालेली. जपानमध्ये जुने घर घेताना एक तारीख पाठ असावी लागते : 1 जून 1981. मियागीच्या 1978 मधल्या भूकंपानंतर बांधकामाचे नियम कडक झाले, ते या दिवसापासून लागू झाले. मात्र इमारत पूर्ण कधी झाली यापेक्षा तिचा आराखडा मंजूर कधी झाला, हे पाहायचे असते. आमच्या इमारतीची मंजुरी 1980 ची निघाली. कोबेच्या 1995 मधल्या भूकंपात जास्त हानी अशा जुन्या नियमांच्या इमारतींचीच झाली होती. तरी त्या तपासून मजबूत करता येतात. इथे ते झाले आहे का, हे पाहायला आम्ही इमारतीची कागदपत्रे मागवली.

फ्लॅटधारक दरमहा दोन रकमा भरतात. एक देखभालीची, ‘कान्रिही’. दुसरी दुरुस्ती निधीची, ‘शूझेन त्सुमितातेकिन’. साधारण बारा ते पंधरा वर्षांनी परांची बांधून इमारतीची मोठी दुरुस्ती करतात, ती या निधीतून. नवे फ्लॅट विकताना हा हप्ता बहुधा कमी ठेवलेला असतो आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढवायचा बेत असतो. ती वाढ सभेत मंजूर व्हावी लागते. आमच्या हाती आलेल्या इतिवृत्तांत ती तीनदा फेटाळलेली होती. निधी आटला होता आणि मजबुतीकरणाचा विषय दर वर्षी पुढच्या सभेवर ढकलला होता. शिवाय विकणाऱ्याची थकबाकी होती, आणि कायद्याप्रमाणे ती नव्या मालकाकडूनही वसूल करता येते. इमारत पाडून नवी बांधायची तर 4/5 बहुमत लागणार. (2025 च्या कायदेदुरुस्तीने, भूकंपात टिकाव न धरणाऱ्या इमारतींसारख्या ठरावीक प्रकारांसाठी ते 3/4 वर आणले.) आम्ही ते घर सोडले. स्वतःच्याच इमारतीची हेळसांड करणाऱ्या त्या लोकांचा मला रागच आला.

मान्शोन घेताना व्यवस्थापन पाहून घ्यावे, असे जपानी लोक सांगतात. त्याप्रमाणे आम्ही 1988 साली बांधलेले, ऊन बेताचे पण हिशेब चोख असलेले घर घेतले.

दोन वर्षांनी कार्यकारिणीत माझी पाळी आली. हप्ता वाढवण्याचा ठराव यायचा होता. सभेला येऊ न शकणाऱ्यांची संमतिपत्रे गोळा करायला मी दारोदार फिरलो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी बसवून चहा दिला. इमारत नवी असल्यापासून त्या इथे राहतात. यजमान गेले, पेन्शन ठरलेली.

“पुढची दुरुस्ती काही मी पाहणार नाही,” त्या म्हणाल्या. “पैसे मात्र आत्ताच भरायचे.”

मला उत्तर सुचले नाही. जपानीत याला ‘फुतात्सु नो ओई’, म्हणजे दोन म्हातारपणे म्हणतात : एक इमारतीचे, दुसरे आत राहणाऱ्यांचे. दोन्ही एकाच वेळी येतात, आणि इमारतीला पैसा हवा असतो नेमका तेव्हाच माणसांची मिळकत आटलेली असते.

ठराव मंजूर झाला. वाढ एकदम न करता दोन टप्प्यांत करायची, एवढी दुरुस्ती मी सुचवली होती, ती टिकली. आजींनी बाजूने मत दिले, पण त्या महिन्यापासून त्यांनी वर्तमानपत्र बंद केले, हे मला जिन्यातल्या टपालपेट्यांवरून कळले.

पहिले घर सोडले याचा पश्चात्ताप मला आजही नाही. जुने घर घेणाऱ्याने आधी इतिवृत्ते वाचावीत, असेच मी सांगेन. पण तिथे तीनदा ‘नाही’ म्हणणाऱ्यांत अशा किती आजी असतील, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.