मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणतो तेव्हा

लॅपटॉपला जोडलेला मॉनिटर काळाच राहिला, की बहुतेकांचा पहिला संशय विंडोजवर जातो. दोष मात्र बऱ्याचदा दोघांच्या मधल्या जोडणीत असतो, म्हणून शोध तिथूनच सुरू करावा.

पडद्यावर 'नो सिग्नल' उमटले, म्हणजे मॉनिटरला वीज मिळते आहे. चित्र तेवढे पोचत नाही. केबल दुसऱ्या एचडीएमआय पोर्टात आणि मॉनिटरच्या मेनूत निवड पहिल्याची, हा गोंधळ नेहमीचा. ती निवड दुरुस्त करावी, केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवावी, शक्य तर दुसरी लावून पाहावी.

सर्वांत फसवे प्रकरण सी-टाइपचे. पोर्ट सगळी एकसारखी दिसतात, पण चित्र पाठवण्याची सोय, म्हणजे 2014 मध्ये आलेला 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड', प्रत्येकात नसते. पोर्टाशेजारी विजेचा बाण किंवा डिस्प्लेपोर्टची खूण असेल तर आशा धरावी. खूण नसेल तर लॅपटॉपची माहितीपुस्तिका पाहावी. मोबाइलच्या चार्जरसोबत मिळणारी केबल बहुधा इथे कुचकामी ठरते, कारण चित्रासाठी लागणाऱ्या तारा तिच्यात नसतात.

शाळा-महाविद्यालयांतल्या जुन्या प्रोजेक्टरना व्हीजीए लागते. ही 1987 सालची ॲनालॉग पद्धत, तर एचडीएमआय डिजिटल. त्यामुळे मधल्या कन्व्हर्टरमध्ये रूपांतर करणारी चिप लागते. शिवाय तो एकाच दिशेने चालतो. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर उलटा लावून काही उपयोग नाही.

जोडणी ठीक असेल तरच लॅपटॉपच्या सेटिंगकडे वळावे. विंडोजचे बटण आणि पी एकदम दाबून 'ड्युप्लिकेट' किंवा 'एक्स्टेंड' निवडावे. तरीही काही दिसले नाही तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही बटणे एकत्र दाबावीत. पडदा क्षणभर लुकलुकतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. ड्रायव्हर अद्ययावत करायचाच तर तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा.

चित्र येते, पण धड येत नाही, ही तक्रार वेगळी. अक्षरे पुसट दिसत असतील तर मॉनिटरचे मूळ रिझोल्यूशन निवडावे. 4के पडद्यावर माउस अडखळत सरकत असेल तर रिफ्रेश रेट पाहावा: एचडीएमआय 1.4 वर 4के चित्र 30 हर्ट्‌झच्या पुढे जात नाही, 60 साठी 2.0 लागते. टीव्हीवर कडा कापल्या जात असतील तर दोष टीव्हीच्या 'ओव्हरस्कॅन'चा. तो त्याच्याच मेनूतून बंद होतो. आणि एम1 किंवा एम2 चिपच्या मॅकबुक एअरवर दुसरा बाहेरचा मॉनिटर लागत नसेल तर तो बिघाड नव्हे, ती मशीनची मर्यादा आहे.

तोच मॉनिटर आणि तीच केबल दुसऱ्या लॅपटॉपवर चालत असेल, आणि आपला लॅपटॉप घरच्या टीव्हीवरही चित्र देत नसेल, तरच तो दुरुस्तीला न्यावा.